आरओ घेण्याआधी टाकीचं झाकण उघडा

जून-जुलैत नळाला पहिल्यांदा मातकट पाणी आलं की नाशिकमध्ये वॉटर प्युरिफायरवाल्यांचे फोन खणखणू लागतात. पंधरा-वीस हजारांचं आरओ भिंतीवर चढतं. त्याच बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीचं झाकण अर्धवट सरकलेलं असतं, आत कबुतरांची पिसं तरंगत असतात आणि तळाला बोटभर गाळ असतो. प्यायचं पाणी मशीनमधून येतं म्हणून घर निर्धास्त. पण कोथिंबीर त्याच टाकीच्या पाण्याने धुतली जाते, दात त्याच पाण्याने घासले जातात, तान्ह्या बाळाची बाटलीही त्यातच विसळली जाते. मशीनला विरोध नाही, क्रम उलटा झालाय एवढंच. आधी नळजोडणी पाहा, मग टाकी, मग क्लोरीन, आणि मशीन सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे पाणी येतं कुठून हे माहीत असलं की निम्मं निदान तिथेच होतं. शहराचा मोठा भाग गंगापूर धरणावर आहे. इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं. नाशिकरोडसाठी दारणेचं पाणी चेहेडीच्या बंधाऱ्यातून उचललं जातं. गंगापूर आणि मुकणेचं पाणी मुळातच हलकं, क्षार कमी. चेहेडीची गोष्ट वेगळी. तिथे वालदेवी दारणेला मिळते आणि येताना वाटेतलं सांडपाणी घेऊन येते. धरणातून आवर्तन सुटलेलं नसलं की दारणेचा प्रवाह मंदावतो आणि बंधाऱ्यात वालदेवीचा वाटा वाढतो. नाशिकरोड-जेलरोडच्या उन्हाळ्यातल्या उग्र वासाच्या तक्रारी याच दिवसांतल्या.

केंद्रात तुरटी किंवा पीएसी (तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) टाकून गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी जंतू मारायला क्लोरीन वायू सोडतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), म्हणतं की गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत. १०० मिली पाण्यात ई-कोलाय अजिबात नको. आणि नळाशी मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवा. विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. हे क्लोरीनचे दोन आकडे लक्षात ठेवा, बाकीचे विसरलात तरी चालेल.

पाणी बघून काय कळतं

पाणी दुधासारखं पांढरट आलं आणि ग्लासात तळाकडून वर निवळत गेलं, तर ती नुसती हवा. पुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की लाइनमधली हवा दाबाने पाण्यात मिसळते. त्या पांढरेपणाने काही अपाय नाही. सुरुवातीची दोन-चार मिनिटं तांबूस आणि मग स्वच्छ पाणी आलं, तर जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा गंज. त्याने लगेच आजार होत नाही, पण पाइप आतून खाल्ला गेलाय आणि आज गंज सोडणाऱ्या जागीच उद्या भोक पडणार आहे. हिरवट झाक म्हणजे टाकीत उजेड जातोय, शेवाळ धरलंय. काळे रबरी कण बहुधा झिजलेल्या वायसरचे. गरम पाण्याच्या नळातून पांढरे पापुद्रे आले तर ते गीझरमधले क्षार, म्हणजे बहुधा तुमच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतंय.

पावसाळ्यात सगळ्या गल्लीला एकाच दिवशी मातकट पाणी आलं तर कारण वर, धरणाकडे किंवा केंद्रात आहे. तुमच्या आणि शेजारच्या एक-दोन घरांनाच घाण येत असेल तर कारण तुमच्या फाटकाबाहेर, रस्त्याखाली आहे. हा फरक आधी करा. शेजाऱ्यांना विचारायला दोन मिनिटं लागतात आणि प्लंबरचा अर्धा दिवस वाचतो.

काळपट, गटाराचा वास येणारं पाणी मात्र एक थेंबही संपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या टाकीत, जाऊ देऊ नका. इनलेटचा व्हॉल्व्ह तिथल्या तिथे बंद करा. वास दहा मिनिटांनी गेला, पाणी स्वच्छ दिसू लागलं, म्हणून धोका टळला असं होत नाही.

रस्त्याखाली काय होतं

बहुतेक भागांत पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं. उरलेला वेळ लाइन रिकामी किंवा अर्धी भरलेली असते. लाइनमध्ये दाब असेपर्यंत गळतीच्या जागी पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की उलट होतं: पाणी उताराकडे सरकतं, मागे पोकळी तयार होते आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर कोरडी माती असेल तर माती येते, गटार असेल तर गटार येतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर पहिली धार हीच ओढून आणलेली घाण घेऊन येते. म्हणून पावसाळाभर पहिली पाच-दहा मिनिटं पाणी संपमध्ये घेऊच नका. नळाच्या तोंडाशी बादली लावा, ते पाणी फरशी पुसायला किंवा संडासात वापरा.

नळाला थेट मोटर लावणारे या ओढण्यात भर घालतात. मोटर पाणी खेचते तेव्हा तुमच्या आणि मुख्य लाइनच्या मधल्या प्रत्येक सैल सांध्यातून आजूबाजूचंही खेचते, आणि ते आधी पोचतं तुमच्याच घरात. बेकायदेशीर तर आहेच. दाब कमी असेल तर बरोबर उपाय असा: जमिनीलगत किंवा जमिनीखाली संप, त्यात पाणी आपोआप पडू द्यायचं आणि मोटर संपमधून गच्चीवर.

आता खोदाई. रस्ते, गॅसची लाइन, केबल आणि त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं. जेसीबीचा दात घरगुती जोडणीला लागला की पाइप बऱ्याचदा फुटत नाही, नुसता सांध्यात हलतो. वरून डांबर पडतं आणि गळती जमिनीत लपून राहते. घरासमोर खोदाई झाली असेल तर पुढचे पंधरा दिवस पाण्यावर नजर ठेवा.

आपली बाजू तपासायची पद्धत सोपी आहे. घरातले सगळे नळ बंद, संपचा बॉल कॉक वर बांधून बंद, आणि पाणी सुरू असताना मीटरकडे पाहा. काटा किंवा छोटं चक्र फिरत असेल तर मीटर आणि संपच्या मध्ये गळती आहे. मीटर शांत असूनही घाण येत असेल तर दोष मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूला, फेरूलपासून मीटरपर्यंतच्या तुकड्यात, नाहीतर मुख्य लाइनमध्ये. फेरूल म्हणजे मुख्य लाइनला भोक पाडून बसवलेला पितळी कॉक. तिथून निघालेला जीआय पाइप वीसेक वर्षांचा असेल आणि गटारीतून जात असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, बदलून टाका. निळा एमडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप अखंड येतो, गंजत नाही. गटार ओलांडावीच लागत असेल तर गटारीच्या वरून न्या. तेही जमत नसेल तर जाड पीव्हीसीच्या केसिंगमधून, आणि केसिंगच्या आत एकही जोड ठेवू नका. प्लंबर उरलेले तुकडे जोडून काम उरकायला बघतो. तिथे उभं राहून अखंड पाइप टाकून घ्या. मुख्य लाइनशी काम असेल तर महापालिकेची परवानगी आणि नोंदणीकृत प्लंबर लागतो.

टीडीएस मीटरने जंतू दिसत नाहीत

विक्रेता घरी येतो, दोन ग्लास मांडतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं. वर कांड्यांचं एक यंत्र ठेवून बटण दाबतो. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट साका तयार होतो, आरओचं पाणी तसंच राहतं. "बघा काकू, हे पिताय तुम्ही." तो साका पाण्यातला नसतो. त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि गंज होऊन दिसतं. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात जवळपास नसतात म्हणून वाहत नाही. त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला सांगा. तोच साका तिथेही येईल. चहा पाजून परत पाठवा.

टीडीएस मीटरही तसंच. ते विरघळलेले क्षार मोजतं. गटार मिसळलेलं पाणीही १८० दाखवू शकतं आणि धोक्याचं असतं. ६०० दाखवणारं बोअरचं पाणी चवीला जड असलं तरी जंतूमुक्त असू शकतं.

खरी घरगुती चाचणी क्लोरीनची. ग्रामपंचायतीत पाणी सोडणाऱ्या माणसाकडे जे ओटी (ऑर्थोटोलिडीन) किट असतं, तेच. स्वस्त मिळतं. छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाकायचे, हलवायचं आणि दहा सेकंदांच्या आत रंग पट्टीशी ताडायचा. फिकट पिवळा म्हणजे ०.२ ते ०.५ च्या आसपास, ठीक. रंगच नाही म्हणजे क्लोरीन संपलेला. दहा सेकंदांची घाई का, तर मोकळा क्लोरीन लगेच रंग देतो. अमोनिया वगैरेशी बांधला गेलेला क्लोरीन सावकाश देतो. सुरुवातीला रंग नाही आणि पंधरा मिनिटांनी पिवळं झालं, तर पाण्यात क्लोरीन खाणारी घाण आहे. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचं हे नेहमीचं लक्षण. ओटीचं रसायन विषारी आहे. हाताला लावू नका, नळीतलं पाणी बेसिनमध्ये ओतून भरपूर पाणी सोडा, किट मुलांपासून लांब ठेवा.

चाचणी एकाच जागी करून उपयोग नाही. पाणी सुटल्यावर आधी मीटरजवळच्या नळाचं बघा, मग संपचं, मग गच्चीवरच्या टाकीचं, शेवटी स्वयंपाकघरातलं. मीटरजवळ पिवळं आणि स्वयंपाकघरात बिनरंगी, तर दोष तुमच्या टाकीत. मीटरजवळच बिनरंगी, तर दोष बाहेर. एवढ्या एका फेरीने कुणाशी भांडायचं ते ठरतं.

ओटीला रंग आला नाही तर एच-टू-एस बाटली, म्हणजे विष्ठेतले जंतू असले की काळी पडणारी चाचणीची बाटली, लावा. खुणेपर्यंत पाणी भरा, आत बोट लावू नका, झाकण घट्ट करून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा. पाणी काळं पडलं तर विष्ठेचं दूषण असल्याची दाट शक्यता. नाशिकच्या थंडीत ही बाटली ओट्यावर ठेवली तर जंतू असूनही काळी पडत नाही, जंतू वाढायला ३० ते ३७ अंश लागतात. फ्रिजच्या मागे, फडक्यात गुंडाळून ठेवा. काळी झालेली बाटली फेकण्याआधी तिच्यात ब्लीचिंगचं पाणी ओतून थोडा वेळ राहू द्या.

टाकी धुण्याचं काम

वर्षातून दोनदा: मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर. आदल्या दिवशी पाणी वापरून संपवा. मोटरचा प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर सगळा गाळ घरातल्या नळांत उतरतो. प्युरिफायर, वॉशिंग मशीन आणि सोलर यांचे इनलेट कॉकही आधीच बंद करा. तीव्र क्लोरीनने आरओचं मेम्ब्रेन कायमचं खराब होतं. प्लॅस्टिकच्या टाकीला तारेचा ब्रश लावू नका, ओरखड्यांत पुन्हा शेवाळ धरतं. नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी. डिटर्जंट नको. गाळ तळाच्या वॉशआउटमधून काढा, वॉशआउट नसेल तर मगाने उपसून स्पंजने टिपा.

मग निर्जंतुकीकरण. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. लिटरला ५० मिलिग्रॅम मात्रा हवी असेल तर १००० लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम पावडर लागते, ५०० च्या टाकीला ७५. किचनच्या काट्यावर मोजा. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली भरून ढवळा आणि पंधरा मिनिटं निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी टाकीत घाला, तळाचा चुना टाकून द्या. पावडर थेट टाकीत टाकली की तो चुना पाइपात जाऊन नळांच्या जाळ्या तुंबवतो. टाकी काठोकाठ भरा, घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा आणि २४ तास तसंच राहू द्या. एवढा वेळ नसेल तर पावडर दुप्पट आणि ८ तास. ते पाणी पिण्याचं नाही, कुंड्यांनाही नाही. पार्किंग आणि संडास धुऊन काढा. नंतर टाकी एकदा साध्या पाण्याने भरून सोडून द्या, मग वापर सुरू.

उघडी पिशवी वर्षभर बाथरूममध्ये राहिलेली पावडर वापरू नका. दमट हवेत क्लोरीन उडून जातो, उरतो चुना. वास नाकात गेला नाही तर ती मेलेली समजा. आणि टीसीएलसोबत संडास साफ करायचं ॲसिड कधीही नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो, बंद संपमध्ये तो जीव घेतो.

संपमध्ये एकट्याने उतरायचं नाही, हे वेगळं सांगावंच लागेल. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, वर एक माणूस सतत हवा. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप संपच्या आत किंवा तोंडाशी चालवू नका.

संपच्या बाबतीत सोसायट्यांचा आणखी एक घोळ असतो. संप पार्किंगमध्ये, झाकण फरशीच्या पातळीला, शेजारी हातभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर. गाड्या धुतलेलं पाणी झाकणाच्या फटीतून आत, आणि चेंबर तुंबलं की तेही भिंतीतून पाझरून आत. झाकणाची कड जमिनीपेक्षा वीतभर उंच बांधून घ्या. ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी लावा. ओव्हरफ्लो ड्रेनेजमध्ये जोडलेला असेल तर आजच तोडा. चेंबर तुंबलं की तो पाइप उलट्या दिशेने चालतो.

रोजचं, पावसाळ्यापुरतं

धुतलेल्या टाकीतही क्लोरीन दिवसभरात उडतो. ओटीला रंग येत नसेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, वर सांगितलं तसं निवळी करून, आणि वापराआधी किमान अर्धा तास थांबा. मग पुन्हा ओटी. पाणी गढूळ असेल तर आधी गाळ बसू द्या; मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन मातीवरच खर्च होतो. हंड्यात तुरटी फिरवून गाळ बसतो, हे खरं. जंतू मरतात, हे खोटं.

उकळायचं असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळणं म्हणजे गॅस जाळणं. पण उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणजे पुढचं संरक्षण शून्य. ते झाकून त्याच भांड्यात गार होऊ द्या, मग नळाच्या पिंपात काढा, आणि हात बुडवून ग्लास भरण्याची सवय मोडा. घरात गरोदर बाई असेल तर कावीळीच्या दिवसांत उकळलेलंच पाणी द्या. हेपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेततो.

मशीन घ्यायचंच असेल तर पाणी कोणतं ते बघून घ्या. फक्त महापालिकेचं असेल तर ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन आणि यूव्ही (अतिनील प्रकाश) किंवा यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी), एवढं भरपूर झालं. आरओ लागतं ते बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याला. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. यूव्हीला गढूळ पाणी चालत नाही, प्रकाश आत शिरतच नाही. म्हणून सेडिमेंट कँडल तपकिरी झाली की बदला, सर्व्हिसवाल्याची वाट बघू नका. कार्बन क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे मशीनच्या साठवण टाकीत काहीच संरक्षण नसतं. गावाला जाऊन आलात तर त्या टाकीतलं पाणी आधी पूर्ण सोडून द्या. आणि "आरओचं" म्हणून येणाऱ्या जारचाही आंधळा भरवसा नको. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएस (गिलन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा तपासणीत खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही दूषित निघालं होतं.

तक्रार करताना

"पाणी घाण येतं" एवढंच लिहिलं तर तक्रार बंद व्हायला वेळ लागत नाही. पाणी किती वाजता सुटलं, घाण पहिली किती मिनिटं आली, रंग, वास, कोणकोणत्या घरांना, मीटरजवळ ओटी किती, जवळ खोदाई कुठे झाली, हे सगळं लिहा. पारदर्शक बाटलीत पाणी धरून, मागे पांढरा कागद ठेवून फोटो जोडा. विभागीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ॲपवरची नोंद ही जोडीला.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर घरची धुतलेली बिसलरीची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली आणा. तिच्यात क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट आधीच असतं, म्हणून ती विसळू नका. नळाची जाळी काढा, धातूचा नळ असेल तर तोंड ज्योतीने शेकून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या आणि वर थोडी जागा ठेवून भरा. बर्फाच्या डब्यात, शक्यतो सहा तासांत पोचवा. नमुना मीटरजवळच्या नळाचा घ्या. टाकीचा घेतलात तर समोरचा माणूस पहिला प्रश्न "टाकी कधी धुतली?" हाच विचारणार, आणि त्याचं चुकत नाही.

गळती सापडून दुरुस्त झाली तरी त्या दिवशीचं पाणी संपमध्ये घेऊ नका. दुरुस्तीत लाइनमध्ये माती जाते. पुढच्या पाळीला दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, मीटरजवळ ओटी घ्या. लागोपाठ दोन दिवस पिवळं दिसलं की उकळणं थांबवा. दुरुस्तीआधी घाण पाणी संपमध्ये गेलं असेल, तर त्याआधी संप आणि टाकी दोन्ही धुऊन घ्यावी लागतील.